बायाक्काची हद्द

तडीपार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस यायचा. गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर काळा गॉगल आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या शेजारी फोटो. त्यामुळे संगीतानं एका सकाळी येऊन सांगितलं, "बाई, माझी मावशी राहायला येतीय. सांगली जिल्ह्यातनं तडीपार केलंय तिला, तुमची काही हरकत नाही ना?" तेव्हा मला आधी हसू आलं. मग तिचं तोंड बघितलं आणि येऊ दे म्हटलं.

संगीता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रहिमतपूरला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते. तिची मावशी त्याच दिवशी दुपारी आली. पोलिसांनी तिला जीपमधून जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आणून कराडला सोडलं होतं. पुढं ती एसटीनं आली. साठी ओलांडलेली, काळीसावळी, ठेंगणी बाई. कपाळावर गोंदण, अंगावर हिरवं नऊवारी, काखेत पिशवी आणि खांद्यावर घोंगडं. मी खुर्ची पुढे केली, तर ती खुर्ची तिनं हातानं बाजूला सारली आणि फरशीवर बसली. आल्याआल्या विचारलं, "बाई, हितनं सांगलीची हद्द किती लांब?"

"का हो?"

"काय न्हाई. वारं कुठनं येतंय ते बघत हुतो."

आमच्या भागातल्या पुष्कळ बायका बोलतात तशी ती 'आलो, गेलो, हुतो' असंच बोलायची. नाव बायाक्का. गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला, कोरडवाहू मुलखात. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण या गोष्टीतली सगळी माणसं अजून तिथंच राहतात. नवरा धनगर, जन्मभर मेंढरांमागं हिंडला. आता थोडी बाजरी, थोडं डाळिंब आणि राहिलेली मेंढरं सांभाळतो. मुलगा पुण्यात कंपनीत. अशा बाईला प्रांतसाहेबांच्या सहीनं दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढलं होतं.

कारण दारूचं दुकान. गावच्या एसटी थांब्याला लागून, शाळेच्या वाटेवर देशी दारूचं परवाना असलेलं दुकान होतं. बायाक्कानं बायका गोळा केल्या. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोपुढे त्या आडव्या झोपल्या. एकदा बाटल्या फुटल्या. एकदा दुकानाच्या मॅनेजरनं एका पोरीला वाईट शब्द वापरला, तर बायाक्कानं त्याच्या थोबाडीत मारली. झालं. जमाव जमवणं, नुकसान करणं, मारहाण, सरकारी कामात अडथळा असे गुन्हे एकावर एक चढत गेले.

मी तिला एकदा विचारलं, "आक्का, तुमच्या घरात कोण पितं?"

"कोण न्हाई."

"मग तुम्ही कशाला यात पडलात?"

"कोण पीत न्हाई म्हणूनच की. जिचा दाल्ला पितोय तिला कुठला येळ? ती दिसभर मजुरीला, सांजच्याला त्येला हुडकायला. मला येळ हाय."

चळवळींवरची भाषणं मी शाळेत पुष्कळ ऐकली आहेत. हे उत्तर कुठल्याच भाषणात नव्हतं.

बायाक्काची एक सवय संगीताला फार छळायची. ती खोटं बोलायची नाही. त्यात साधुसंतपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. ती म्हणायची, "खोटं बोललं की ध्येनात ठेवावं लागतंय. कुणी ठेवायचं?" एकदा विम्याचा एजंट आला. संगीतानं आतून खुणावलं, मी घरात नाही म्हणून सांग. बायाक्का दारात जाऊन म्हणाली, "हाय आत, पर न्हाई म्हणून सांग म्हणतीया." तो बिचारा हसत परत गेला. संगीता आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही.

महिन्यातून एकदा तिला इथल्या पोलीस ठाण्यात जाऊन आपला पत्ता सांगावा लागे. पहिल्यांदा मी सोबत गेले. हवालदार वयानं लहान होता. कागद वाचून त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे पाहिलं.

"आजी, तुम्हीच का या?"

"मीच रं लेकरा. बस, उबा का ऱ्हायलास?"

ठाण्यातला पोलीस तडीपार बाईच्या सांगण्यावरून खुर्चीत बसला. ती खाली फरशीवर बसली होती. पुढच्या महिन्यापासून तिथं तिच्यासाठी चहा यायला लागला.

तो हुकूम मीच तिला वाचून दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आतापर्यंत कोणी तो तिला पूर्ण वाचून दाखवलाही नव्हता. वाचताना माझाच आवाज चढत गेला. त्यात लिहिलं होतं की या महिलेच्या दहशतीमुळे गावात भीतीचं वातावरण आहे, लोक घराबाहेर पडायला धजत नाहीत, तिच्याविरुद्ध उघड साक्ष द्यायला कोणी पुढं येत नाही. म्हणून दोन साक्षीदारांचे जबाब गुप्तपणे घेतले होते. त्यांची नावं नव्हती, नुसतं 'अ' आणि 'ब'. 'अ' म्हणत होता की तिनं विळा दाखवून धमकावलं. 'ब' म्हणत होता की तिच्यामुळे त्याला गाव सोडून जावंसं वाटतं.

कोर्टात एखाद्यानं आरोप केला तर त्याला उलट प्रश्न विचारता येतात. इथं माणसाला त्याच्या घरातून, शेतातून, नवऱ्यापासून दोन वर्षं उठवायचं, आणि कोणी सांगितलं म्हणून उठवलं हेसुद्धा त्याला सांगायचं नाही. मी तिला म्हटलं, "आक्का, हे कोण असतील? काही अंदाज?"

तिनं बोटानं दातांना तंबाखूची मिश्री लावली. मग म्हणाली, "नगं बाई. हुडकाय नगं. कळलं तर उद्या माघारी जाऊन त्येंच्या दारात बसायचं कसं?"

दोन वर्षांची शिक्षा सोसतानाही शेजाऱ्याच्या दारात बसायची सोय तिनं राखून ठेवली होती. माझ्याच्यानं ते झालं नसतं. माझ्याच्यानं ते अजूनही होत नाही.

हद्दपारीविरुद्ध वर केलेलं अपील पडूनच होतं. तेवढ्यात गावाहून फोन आला. बायकांच्या अर्जावर मतदान लागलं होतं. बाटली आडवी करायची की उभी ठेवायची, याचं बायकांनी करायचं मतदान. ज्यासाठी तिनं सगळी खटपट केली तेच. आणि त्याचा नियम असा की मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्या बायका चालत नाहीत. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी बाटली आडवी म्हणायला हवं. म्हणजे जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूची. लग्न होऊन परगावी गेलेली पोरगी, पुण्याला कामाला गेलेली सून, सगळ्या उभ्या बाटलीच्या. यादीतून नाव काढायचं राहून गेलेली मेलेली म्हातारीसुद्धा दारूच्या बाजूनं मोजली जाते. आणि जिल्ह्याबाहेर हाकललेली बायाक्काही.

तिनं परवानगी मागितली. अर्ज मी लिहिला: फक्त एका दिवसासाठी, मतदानापुरतं गावात येऊ द्यावं. अर्जावर तिनं अंगठा उठवला. दर दोन दिवसांनी मी प्रांत ऑफिसला फोन करायची. पलीकडून उत्तर यायचं, "विचाराधीन आहे." मतदान उद्यावर आलं तरी अर्ज विचाराधीनच होता. होकार नाही, नकार नाही. नकार दिला तर त्याला कारण द्यावं लागतं, म्हणून गप्प राहण्याची ही सरकारी युक्ती. गप्प राहणाऱ्याला कुठलंच कलम लागत नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे मी अंगण झाडत होते. बायाक्का धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली.

"आक्का, कुठं?"

"मत टाकाय."

"अटक होईल."

"हुईल की."

"दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला. मी वाचलंय."

"आवं बाई, माझं एक मत माझ्या हातनं त्या दारूवाल्याला जातंय. त्ये कसं देऊ?"

मी खराटा बाजूला टाकला. मी तिला स्टेशनवर सोडलं. ती मिरजेच्या गाडीत चढली आणि खिडकी सोडून दाराजवळ खाली बसली.

पुढचं गावातल्या बायकांनी सांगितलं. ती कुठं लपली नाही. डोक्यावर पदर घेऊन शाळेपुढच्या रांगेत उभी राहिली. रांगेतल्या बायकांना रडू आलं, तर त्यांना म्हणाली, "रडतासा कशाला, फुडं सरका." मत दिलं, शाई लावून घेतली आणि बाहेर येऊन फाटकावरच्या पोलिसाला म्हणाली, "झालं माझं. चल आता."

बाटली उभीच राहिली. निम्म्याला थोड्याच बायका कमी पडल्या. आलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी आडवीवर शिक्का मारला होता; पण न आलेल्या जिंकल्या. त्याच संध्याकाळी दुकानापुढे फटाके वाजले. बायाक्काला तेव्हा गावच्याच पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं, तिला ते आवाज ऐकू आले. कशाचे आहेत ते कोणाला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला आणि पुन्हा जीपमधून कराड. काही महिन्यांनी हद्दपारीचा भंग केल्याचा खटला उभा राहिला. कोर्टाचं समन्स असल्यामुळं त्या तारखेपुरतं तिला तालुक्याला येता आलं; मी आणि संगीता सोबत गेलो होतो. तिला फुकट मिळालेल्या वकिलानं व्हरांड्यातच सांगितलं, "मावशी, कबूल म्हणा. दंडावर सुटाल." आत न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

बायाक्का म्हणाली, "आलो ते खरं हाय. त्येच्यात गुन्हा कसला ते तुमी सांगा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कागदावर उतरलं ते एवढंच: 'आरोपीस गुन्हा कबूल.' आणि दंडावर सुटका नाही, तर एक वर्ष सक्तमजुरी. फुकटचा वकील पुढच्या पुकाऱ्याला निघून गेला होता. संगीता त्याला शोधायला व्हरांड्यात धावली. बायाक्का मात्र महिला पोलिसाला विचारत होती की तुरुंगात मिश्री चालती का.

नाही चालत. ते तिला फार जड गेलं. पुढं बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं, "दात सळसळायचं, डोस्कं फिरायचं. भितीला डोस्कं आपटावं वाटायचं. बाई, आता दारुड्याला शिवी देताना जीभ जरा अडखळतीया." पण ती शिवी द्यायचीच, नुसती अडखळून.

अपिलासाठी आम्ही सांगलीच्या मगदूम वकिलांकडे गेलो. जैन, उतारवयाचे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे त्यांच्या ऑफिसातली सगळी कामं दिवस असेपर्यंत आटपायची. त्यांनी आधी अपिलाचा निकाल होईपर्यंत शिक्षा थांबवून घेतली. काही आठवडे आत काढून बायाक्का रहिमतपूरला परत आली. मग त्यांनी आम्हाला समजावलं. कोर्टापुढं गुन्हा कबूल केला, असं एकदा लिहिलं गेलं की वरच्या कोर्टात फारसं बोलता येत नाही. शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणता येतं. तरी ते दोन्ही बाजूंनी लढणार होते: आरोपीचे शब्द होते तसे लिहिले नाहीत, म्हणून ती कबुलीच नाही, आणि ते मान्य नसलं तर शिक्षा कमी करा.

अडचण पुढंच होती. अपील सांगलीत चालणार, आणि बायाक्काला सांगली जिल्ह्यात पाय ठेवायला बंदी. सांगलीत आली म्हणून झालेल्या शिक्षेविरुद्ध बोलायला सांगलीत यायचं, तर त्यालाही परवानगी हवी. ही परवानगी मात्र दोन दिवसांत मिळाली. मतासाठी महिनाभर विचार करणारं ऑफिस कोर्टाचं नाव काढल्यावर लगेच जागं झालं. अट अशी की सुनावणी संपताच, त्याच दिवशी हद्दीबाहेर जायचं.

सुनावणीला मगदूम वकील छान बोलले. मग सेशनचे न्यायाधीश बायाक्काकडे वळले. वकिलांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, कारण ही बाई काय बोलेल याचा भरवसा नव्हता.

"बाई, बंदी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. हुतं की."

"मग का आलात?"

"मत टाकाय."

"परवानगी घ्यायला हवी होती."

"मागितली की साहेब. दिली न्हाई. न्हाई बी म्हणली न्हाई. तुमीच सांगा, किती दिस दारात उबं ऱ्हायचं?"

न्यायाधीशांनी खाली बघून काही लिहिलं.

निकाल आठवड्यानं लागला. पुन्हा परवानगी, पुन्हा सांगली. शिक्षा कमी करून तिनं तुरुंगात काढले तेवढेच दिवस ठेवले होते. कायद्यातल्या किमान शिक्षेहून कमी का, याची कारणं न्यायाधीशांनी नीट नोंदवली होती: वय, येण्याचं कारण आणि उत्तर न मिळालेला अर्ज. गुन्हा मात्र कायम. खालच्या कोर्टाच्या कागदावर कबुली होती आणि त्या कागदाच्या पलीकडं त्यांना जाता येत नव्हतं.

मगदूम वकील खूश होते. एवढ्या प्रकरणात एवढं मिळतं कुठं? बाहेर झाडाखाली येऊन ते म्हणाले, "आक्का, सुटलात तुम्ही."

बायाक्का नेहमीसारखी खाली मातीत बसली. ती म्हणाली, "शिक्षा गेली, आन् गुन्हा ऱ्हायला?"

"तो कागदावर. तुम्हाला आत जायचं नाही आता."

"मी कुठं म्हणलं आत जायला भ्या वाटतंय म्हणून? मत टाकलं ह्यो गुन्हा न्हाई, येवढंच म्हणायचं हुतं मला. त्ये कोण म्हणलंच न्हाई."

आता कोल्हापूरलाच हायकोर्ट बसतं, वर जाता येईल, असं काहीतरी मगदूम वकील बोलले. पण संगीताची रजा संपली होती, बायाक्काच्या नवऱ्याला एकट्याला मेंढरं आवरत नव्हती, आणि आम्हाला हद्दीबाहेर जायची घाई होती. जिनं आपलं अपील निम्मं जिंकलं होतं, तिला दिवसाउजेडी जिल्ह्यातून बाहेर न्यायची घाई. गाडीत चढल्यावरही मी संतापानं बडबडत होते. ती मात्र शेजारच्या बाईचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती.

मला लोक सांगतात, बाई, कायदा सगळ्यांना सारखा असतो. असेल. गळ्यात साखळी घातलेले, फ्लेक्सवरचे तडीपार मी आमच्याच गावात मिरवणुकीत नाचताना बघितले आहेत. त्यांचे भंग कोणाला दिसत नाहीत. बायाक्का रांगेत उभी राहिली, शाई लावली आणि स्वतः पोलिसाला हाक मारली, तेव्हा तिचा भंग सगळ्यांना दिसला.

दोन वर्षं भरल्यावर ती गावी गेली. जाताना आपलं घोंगडं तिनं माझ्या पायांवर टाकलं. "थंडीत उपेगी पडंल," एवढंच म्हणाली. मी मागच्या मार्चमध्ये तिच्या गावी गेले. ती बांधावर होती. नवरा मेंढरांना पाणी दाखवत होता. आम्ही भाकरी खात होतो, तेवढ्यात मोटारसायकलवरून एक पोलीस आला. ओशाळलेला होता. नवीन नोटीस होती: तुम्हाला पुन्हा हद्दपार का करू नये, याचं उत्तर द्या.

ती परत आल्यावर स्वस्थ बसली नव्हती, हे खरं. मेलेल्या बायकांची नावं यादीतून काढायला ती रोज तहसीलला जात होती. प्रत्येक घरात जाऊन मृत्यूचा दाखला मागत होती. पुढच्या वेळेला तरी मेलेल्यांनी मत देऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. यात दहशत कुठली, हे मी त्या पोलिसाला विचारायला उठलेच होते. तिनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला, पोलिसाला पाण्याचा तांब्या दिला आणि कागदावर अंगठा उठवला.

"काय रं लेकरा, ह्या टायमाला कुठं धाडतासा?"

"ते साहेब ठरवतात आजी."

"पाटणला धाडा म्हणावं. तितं म्हणं लय पाऊस. आमी कवा बघितला न्हाई."

पोलीस हसला नाही. पाणी पिऊन निघून गेला.

दुपारी ती मला एसटीला सोडायला आली. थांब्याला लागूनच ते दुकान. खिडकीपुढं सात-आठ पुरुष उभे होते. ती दिसताच ते जरा पांगले. एकानं तोंड फिरवलं, एक भिंतीवरची जाहिरात वाचायला लागला. ती एकाच्या जवळ जाऊन म्हणाली, "पोरीचा ताप उतरला का रं?" त्यानं मान हलवली. "दवाखान्यात ने आजच. हितं उबा ऱ्हाऊ नगंस." तो घुटमळला, मग घराकडं चालायला लागला.

माझी एसटी आली. मी खिडकीत बसून मागं पाहिलं. बायाक्का दुकानासमोर उन्हात उभी होती. घोषणा नाही, शिवी नाही, हातात विळा नाही. बाकीचे पुरुष ती जायची वाट बघत थांबले होते. ती जाईना, आणि ती जाईपर्यंत त्यांच्यातला एकही जण त्या खिडकीपाशी जाईना.